कच्चे, शिजलेले आणि मधला हात

सोलापूरच्या मटण खानावळीची कीर्ती काळ्या मसाल्याची, कडक भाकरीची आणि शेंगाचटणीची. मटण तोडलेला कोयता पुढे कुठे जातो, त्याच ओट्यावर कांदा-काकडी चिरतात का, हे गिऱ्हाईक विचारत नाही. विचारायला हवे. कच्च्या मांसावरचे साल्मोनेलासारखे जंतू रस्सा खळखळून उकळला की मरतात. तेच हातावरून, सुरीवरून किंवा ओल्या फडक्यावरून कोशिंबिरीत गेले, तर ती काही चुलीवर चढत नाही. क्रॉस कंटॅमिनेशन म्हणतात ते हेच.

खरकट्या हाताने पिठाच्या डब्याला शिवायचे नाही, हे आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात. शिस्त चांगली आहे, पण तिचा रोख शिजलेल्यापासून कोरडे धान्य जपण्यावर. जंतूंचा मोठा धोका उलट बाजूने, कच्च्याकडून शिजलेल्याकडे येतो. सोवळ्याने तर माणसामाणसांत अंतर पाडले. त्याला आरोग्यशास्त्राचे नाव देणे मला मान्य नाही.

हातातून रोग जातो, याचा सर्वांत गाजलेला दाखला न्यूयॉर्कचा. मेरी मॅलन ही स्वयंपाकीण स्वतः ठणठणीत होती, तरी तिच्या शरीरात टायफॉइडचे जंतू होते. 1907 मध्ये तिचा माग लागला. पण खानावळवाल्यांनी लक्षात ठेवावी अशी घटना स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनची आहे. 1964 मध्ये तिथे चारशेहून अधिक लोकांना टायफॉइड झाला. संशय अर्जेंटिनाहून आलेल्या मांसाच्या एका मोठ्या डब्यावर होता. डबा भरल्यावर तो थंड करायला नदीचे शुद्ध न केलेले पाणी वापरले होते. दुकानात त्यातल्या मांसाचे काप ज्या यंत्रावर केले, त्यावरच इतर मांसही कापले जात होते. एका डब्यातले जंतू यंत्राच्या पात्याने कितीतरी घरांत पोहोचवले.

आपल्याकडे कायद्याची नजर तेव्हा मालावर होती. 1954 चा कायदा नावानेच अन्नभेसळ प्रतिबंधाचा. दुधात पाणी, मसाल्यात रंग, तेलात दुसरे तेल, म्हणजे जे नमुना घेऊन प्रयोगशाळेत पकडता येते ते. भेसळीची चीड योग्यच होती. मात्र आचाऱ्याचा हात नमुन्याच्या बाटलीत मावत नाही, आणि त्यामुळे तो बराच काळ दुर्लक्षित राहिला.

दरम्यान अमेरिकेत 1960 च्या आसपास अंतराळवीरांच्या जेवणासाठी वेगळी रीत आकाराला आली: तयार अन्न तपासत बसण्यापेक्षा, बनवताना धोका कुठे शिरतो ते आधीच शोधून तिथे पहारा ठेवायचा. हॅसॅप नावाने ती जगभर गेली. भारतात 2006 चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आला आणि 2011 च्या नियमांत स्वयंपाकघराची स्वच्छता, कामगारांची वार्षिक वैद्यकीय तपासणी, कच्चे-शिजलेले वेगळे ठेवणे हे सगळे आले. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2017 मध्ये अन्न हाताळणाऱ्यांसाठी फॉस्टॅक प्रशिक्षण सुरू केले. सूत्र असे की दर 25 कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक हवा.

सोलापुरात हे सूत्र अडखळते. छोट्या खानावळीत मटण तोडणारा, कोशिंबीर चिरणारा आणि वाढणारा बहुधा एकच असतो. प्रशिक्षण घेतलेला मालक गल्ल्यावर बसला, तर आत काय बदलणार? शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूही कानावर पडते, तेव्हा धडेही त्या भाषांत हवेत. पाणी तर कळीचे. नळाला रोज पाणी येत नाही. पिंप भरून ठेवायचे आणि पुरवून वापरायचे ही सवय इथे घरोघरी आहे. अशा ठिकाणी 'दर वेळी वाहत्या पाण्यात हात धुवा' एवढे सांगून भागत नाही. पिंपाला तोटी बसवा, तांब्या बुडवू नका, साबण मोरीजवळच ठेवा, हे सांगावे लागते. कच्च्या मटणाची सुरी आणि पाट वेगळ्या रंगाचे ठेवायला फार खर्च येत नाही. फडकी दोन ठेवली तरी मोठा फरक पडतो. कच्ची कोंबडी नळाखाली धरून धुतली की शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात, हे एकदा दाखवून दिले की आचारी चटकन समजतो. तो कामात मुरलेलाच असतो. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत गर्दी वाढते, हंगामी माणसे कामाला लागतात. त्यांना पहिल्याच दिवशी, कोयता हातात देण्याआधी, अर्धा तास शिकवायला हवे. तो वेळ मालकाने द्यायचा आहे, आणि तो कामाच्या पगारातच धरायचा आहे.