बाजार फी व तिचा ठेका (खान्देश)

नगरपालिकेच्या मालकीच्या वा ताब्यातील जागेवर बसून माल विकणाऱ्याकडून त्या दिवसापुरती घेतली जाणारी रक्कम. जागा मंडईतला ओटा असो, आठवडे बाजारातले पाल असो, पथारी असो की लोटगाडी. ठरावांत व अंदाजपत्रकांत ती ‘दैनंदिन बाजार फी’, ‘आठवडे बाजार फी’, ‘जागाभाडे’, ‘भुईभाडे’ अशा नावांनी येते. विक्रेते नुसते ‘पावती’ म्हणतात. मराठवाड्यात हिलाच तहबाजारी हे नाव रूढ आहे. कृषी उत्पन्न बाजार समितीच्या बाजार फीशी हिची गल्लत होते. समितीची फी मालाच्या किमतीवर शेकडा दराने खरेदीदाराकडून घेतली जाते. पालिकेची फी जागेवर असते आणि ती विकणारा भरतो.

हिच्या उगमाविषयी दोन मते आहेत. पहिल्या मताप्रमाणे ही पेशवाईतील ‘बाजारबैठकी’ची सरळ वारस होय. पेठेत दुकान मांडणाऱ्याकडून जागेबद्दल पैसा वा माल घेण्याची चाल जुनी असून तिच्यात शेटे-महाजनांचाही (पेठेच्या वतनदार प्रमुखांचाही) हक्क असे. नवी पेठ वसवताना काही वर्षांची माफी देणारा कौल दिला जाई. दुसऱ्या मताप्रमाणे ही परंपरा मध्येच तुटली. १८४४ च्या एकोणिसाव्या कायद्याने मुंबई इलाख्यातील शहरजकात, मोहतर्फा (कारागीर व दुकानदारांवरील कर), बलुत्यांवरील कर आणि धंद्यांवरील इतर पट्ट्या रद्द झाल्या. पुढे १८५० च्या सव्विसाव्या कायद्याखाली पालिका निघू लागल्या. खान्देशात धुळ्याची पालिका १८६२, जळगाव व अमळनेरच्या १८६४ आणि नंदुरबारची १८६७ च्या सुमारास स्थापन झाली. आजची फी ही या पालिकांची निर्मिती, असे हे मत सांगते. पहिल्या पक्षाचे उत्तर असे की १८४४ चा कायदा धंद्यावरील करांना लागू होता, भुईभाड्याला नव्हे. धुळ्याच्या बाबतीत कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने १८१९ पासून पेठ वाढवताना व्यापाऱ्यांना घरांसाठी कायमच्या बिनभाड्याच्या जागा दिल्या, याचाही दाखला दिला जातो. परंतु ती सवलत घरबांधणीच्या जागांची होती. उघड्या बाजाराची जमीन तिच्यात येत नसावी. कायद्याच्या अंगाने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र फी स्वतः गोळा न करता वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याला देण्याची रीत, म्हणजेच ठेका, जुन्या मक्त्याची आहे, यात फारशी शंका नाही.

आज नगरपरिषदांना महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ लागू आहे. जळगाव व धुळे या २००३ मध्ये झालेल्या महानगरपालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू होतो. दर ठरवण्याचा अधिकार सभेचा, अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्यांची वा आयुक्तांची. नगरपरिषदेचा ठराव लोकहिताविरुद्ध वाटल्यास जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली स्थगिती देऊ शकतात. महानगरपालिकेच्या बाबतीत हा अधिकार कलम ४५१ ने राज्यशासनाकडे आहे. निर्वाचित सभेची मुदत संपली की प्रशासक तेच ठराव स्वतःच्या सहीने करतात. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात उठल्यापासून पालिकेला रोख हाती पडण्याच्या ज्या थोड्या वाटा उरल्या, त्यांतली ही एक आहे.

वार्षिक ठेका बहुधा १ एप्रिल ते ३१ मार्च असा असतो. म्हणून दरांचा ठराव अंदाजपत्रकाबरोबरच व्हावा लागतो आणि निविदा निदान फेब्रुवारीत निघावी लागते. बोलीची किमान रक्कम साधारणपणे मागील तीन वर्षांच्या उत्पन्नावरून काढतात. केवळ या सरासरीवर भिस्त ठेवणे धोक्याचे, कारण मागची वसुलीच कमी दाखवलेली असेल तर तीच चूक पुढे चालते. प्रत्यक्ष मोजणी करून पडताळा घ्यावा. उदाहरणादाखल, रोजच्या बाजारात ३०० विक्रेते, १० रुपये दर व वर्षाचे ३०० दिवस धरले तर ९,००,००० रुपये; आठवडे बाजारात ७०० विक्रेते, २० रुपये दर व ५२ बाजार धरले तर ७,२८,००० रुपये. एकूण १६,२८,००० मधून पावसाचे दिवस, गैरहजेरी, वसुलीचा खर्च व ठेकेदाराचा नफा यांसाठी ३० टक्के वजा केले तर ११,३९,६०० उरतात. किमान बोली याच्या बरीच खाली असेल तर मोजणी किंवा हेतू यांपैकी काहीतरी चुकले आहे. मोजणी एका दिवसाची नसावी. हिवाळ्यात भरताच्या वांग्यांच्या पाट्या रस्त्याकडेला वाढतात आणि ज्येष्ठात तीच जागा ओस असते.

पुढचा क्रम ठरलेला आहे : जाहीर निविदा वा लिलाव, बयाणा रक्कम, सर्वोच्च बोलीला मंजुरी, सुरक्षा अनामत, मुद्रांकावर करारनामा, मग कार्यादेश (वसुली सुरू करण्याचा लेखी आदेश). करारनाम्याआधी कार्यादेश दिला की पुढे हप्ता थकल्यावर पालिकेच्या हातात काही उरत नाही. थकबाकीचे नेहमीचे कारण चढाओढीत लावलेली अवाजवी बोली हे आहे. पहिले दोन हप्ते येतात, तिसऱ्याला ठेकेदार हात वर करतो. अनामत एका हप्त्याहून कमी असेल तर तूट पालिकेच्या माथी बसते. उलट बाजूने, इच्छुकांनी आपसात ठरवून एकच खरी बोली लावण्याचा प्रकारही होतो. फेरनिविदांत महिने गेले की पालिकेचे कर्मचारीच वसुली करतात आणि तिची रक्कम अनेकदा ठेक्याच्या रकमेपेक्षा पुष्कळ कमी भरते. ती पुढच्या सरासरीत येऊ देऊ नये.

सारा व्यवहार टिकतो तो पावतीवर. दोन बोटे रुंदीचा पातळ कागद, टोचे मारलेली कड, वर पालिकेचे नाव, पुस्तक क्रमांक, अनुक्रमांक, छापील दर आणि तारखेचा शिक्का एवढे त्यावर असावे. पुस्तके पालिकेनेच छापून शिक्का मारून द्यावीत व स्थळप्रती (पुस्तकात राहणाऱ्या प्रती) परत घेतल्याशिवाय नवी देऊ नयेत. रक्कम हाताने लिहायची मोकळी जागा असली की विक्रेत्याच्या प्रतीवर २० आणि स्थळप्रतीवर १० पडतात. शिक्का नसेल तर सकाळची पावती दाखवूनही संध्याकाळी दुसरी फाडली जाते. पाटीभर मेथी घेऊन आलेल्या बाईकडून पालवाल्याइतकीच रक्कम घेतली जाते ती बहुधा दरफलक नसल्यामुळे. जागेच्या चौरस फुटांनुसार, पाटी, लोटगाडी, पाल, वाहन असे दर वेगळे करून फलक बाजाराच्या तोंडाशी लावणे हा त्यावर स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे, आणि नेमका तोच राहून जातो. फी घ्यायची तर सेवा दिली पाहिजे, हा कर व फी यांतला भेद सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठ प्रकरणात मांडला. झाडलोट, पाणी, दिवा व स्त्रियांसाठी स्वच्छतागृह यांची मागणी विक्रेत्यांनी केली तर ती याच तत्त्वाला धरून आहे.

पथविक्रेता अधिनियम, २०१४ नंतर सर्वेक्षण, विक्री प्रमाणपत्र व नगर पथविक्रेता समिती आवश्यक झाली. समितीत निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असतात व त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. जळगावचा सुभाष चौक, धुळ्याचा आग्रा रोड अशा गर्दीच्या ठिकाणी फीची पावती म्हणजे बसण्याचा हक्क, असा समज आहे. पावती जागा वापरल्याची पोच असते; हक्क प्रमाणपत्राने मिळतो.

यात्रांतील जागावाटप हा याचाच पोटप्रकार. अमळनेरला बोरीच्या पात्रात वैशाखात भरणारी सखाराम महाराजांची यात्रा आणि धुळ्याला पांझरेकाठची एकवीरा देवीची चैत्रातली यात्रा यांत पाळणे, खेळणी, भांडी यांच्या दुकानांना थोड्या दिवसांपुरती जागा लागते. येथे रोजच्या दराऐवजी आखलेल्या चौकटींचे एकरकमी भाडे अधिक सोयीचे पडते.