सुरी लागली की फळ बदलतं

सफरचंदाची एक फोड कापून ताटलीत ठेवा आणि दुसऱ्या कामाला लागा. दहा-पंधरा मिनिटांत तिच्या पांढऱ्या गरावर तांबूस झाक चढलेली असते. न कापलेलं सफरचंद मात्र कितीतरी दिवस फ्रिजमध्ये राहूनही आतून पांढरंशुभ्र निघतं. फळ तेच, रस तोच. मधे फक्त सुरी आली.

घरी फळांचा साधा नाश्ता करताना मला सगळ्यात उपयोगी पडलेली माहिती एवढीच आहे: फळ म्हणजे असंख्य छोट्या बंद खोल्या, आणि आपण कापतो, किसतो, पिळतो किंवा गोठवतो तेव्हा त्या खोल्यांच्या भिंती मोडत असतो. किती भिंती मोडल्या आणि खाण्याच्या किती आधी मोडल्या, यावर रंग, चव आणि पोट किती वेळ भरलेलं राहणार हे बरंचसं ठरतं.

आधी तो तांबूस रंग. त्याची सगळी सामग्री सफरचंदाच्या पेशीत आधीपासूनच असते, पण वेगवेगळ्या कप्प्यांत. फिनॉल वर्गातली संयुगं रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीत असतात. पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम, आपल्या शाळेच्या पुस्तकातलं विकर, दुसऱ्या कप्प्यात असतं. सुरी फिरली की दोघांची गाठ पडते, हवेतला ऑक्सिजन येऊन मिळतो, फिनॉलची क्विनोनं होतात आणि ती एकमेकांना जोडली जाऊन तपकिरी रंगद्रव्य बनतं. सफरचंदाच्या आकारमानाचा जवळपास चौथा हिस्सा हवेनेच भरलेला असतो, म्हणून ते पाण्यावर तरंगतं. त्यामुळे या कामाला ऑक्सिजनची कमतरता कधीच पडत नाही.

यावर लिंबू पिळतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण लिंबू एकाच वेळी दोन कामं करतं. त्याच्या आंबटपणामुळे हे एन्झाइम मंदावतं, आणि त्यातलं क जीवनसत्त्व तयार झालेल्या क्विनोनांना पुन्हा मूळ फिनॉलच्या रूपात आणतं. हे क जीवनसत्त्व त्यात खर्ची पडत जातं. म्हणूनच लिंबू लावून डब्यात भरलेल्या फोडी सकाळी छान दिसतात आणि दुपारी हळूहळू काळवंडतात. आणखी एक गोष्ट मी आवर्जून सांगेन: सुरीला धार असू द्या. बोथट सुरी फोड कापते कमी आणि चेंगरते जास्त, म्हणजे गरज नसलेल्या कितीतरी पेशी फुटतात.

फळ, ओट्स आणि सुकामेवा एकत्र करून खाण्याचा जो नाश्ता आज म्युस्ली या नावाने ओळखला जातो, तो 1900च्या सुमारास झुरिकमधल्या मॅक्सिमिलियन बिर्खर-बेनर या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांसाठी ठरवला. त्यात मुख्य वस्तू होती सफरचंद, सालीसकट किसलेलं. ओट्स जेमतेम चमचाभर, रात्रभर पाण्यात भिजवलेले. सोबत लिंबाचा रस, आटवलेलं गोड दूध आणि कुटलेले बदाम किंवा हेझलनट. आज वाटीभर धान्यावर फळाचे चार तुकडे टाकले जातात, त्याच्या अगदी उलट प्रमाण. मला हे मूळ प्रमाण जास्त शहाणपणाचं वाटतं. करून बघायचं असेल तर लिंबू आधी वाटीत घाला आणि सफरचंद खायच्या क्षणी थेट त्यावर किसा. किसणीने इतक्या पेशी फुटतात की दोन मिनिटांची दिरंगाईसुद्धा रंगात दिसते.

भिंती मोडण्याचा परिणाम रंगापुरताच असता तर एवढं लिहिलं नसतं. 1977 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा पण फार बोलका प्रयोग प्रसिद्ध झाला. दहा जणांना वेगवेगळ्या वेळी अख्खी सफरचंदं, त्यांचा गाळलेला रस आणि मऊ लगदा दिला. तिन्हींत कर्बोदकं सारखीच, 60 ग्रॅम. रस पिऊन संपवायला लागलेला वेळ सफरचंद चावून खायला लागलेल्या वेळाच्या अकराव्या हिश्श्याइतकाच होता. पोट भरल्याची भावना सफरचंदाने सगळ्यात जास्त दिली, लगद्याने त्याहून कमी, रसाने सगळ्यात कमी. रक्तातली साखर तिन्ही वेळा साधारण सारखीच चढली, पण रसानंतर ती झपकन खाली घसरली. लगद्यानंतर थोडी घसरली, सफरचंदानंतर तसं झालं नाही. इन्शुलिनही रस आणि लगद्यानंतर जास्त वाढलं. साखर तेवढीच आणि फळही तेच, तरी शरीराला फरक कळतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये साखरेबद्दल जो सल्ला दिला तो याच भिंतीवर उभा आहे. मुक्त साखर दिवसभरातल्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी असावी, जमल्यास 5 टक्क्यांखाली आणावी, असं त्यात म्हटलं आहे. वरून घातलेली साखर, मध, सरबतं आणि फळांचा रस हे सगळं मुक्त साखरेत मोजतात. अख्ख्या फळातली साखर मोजत नाहीत. संत्र्याच्या फाकेत असलेली साखर पेल्यात पिळली की ‘मुक्त’ होते, कारण ती आता कुठल्याही भिंतीआड राहिलेली नसते. घरी काढलेल्या ताज्या रसालाही हेच लागू पडतं, आणि हे अनेकांना पटत नाही. सकाळी पेलाभर रस काढायला जेवढी संत्री लागतात तेवढी चावून खाऊन बघा. दुसऱ्या-तिसऱ्या संत्र्यालाच पोट ‘पुरे’ म्हणतं.

मिक्सरमधली स्मूदी या दोन टोकांच्या मधे बसते: चोथा आत राहतो, पण भिंती बऱ्याचशा मोडलेल्या असतात. तिच्याबद्दल 2023 साली एक चकित करणारी गोष्ट समोर आली. केळ्यात ते तपकिरी करणारं एन्झाइम भरपूर असतं, बेरीवर्गीय फळांत फार कमी. फिनॉल वर्गातलीच फ्लॅव्हॅनॉल नावाची उपयुक्त द्रव्यं केळ्याच्या स्मूदीतून घेतली, तेव्हा रक्तात दिसलेली त्यांची सर्वोच्च पातळी नुसत्या कॅप्सूलमधून घेतल्यावर दिसलेल्या पातळीपेक्षा 84 टक्क्यांनी कमी निघाली. बेरींच्या स्मूदीत असा फरक पडला नाही. प्रयोगात माणसं मोजकीच होती, आणि प्रश्न फक्त फ्लॅव्हॅनॉलचा होता. केळ्यातलं पोटॅशियम किंवा फायबर कुठे जात नाही. पण बेरी, द्राक्षं किंवा कोको खास या द्रव्यांसाठी घेत असाल, तर त्यात केळं न घालता संत्रं किंवा अननस घालणं बरं.

अननस दह्या-दुधात घालताना मात्र दुसरंच एन्झाइम आडवं येतं. हे घरी सहज पाहता येईल. ताज्या किवीच्या चार फोडी थंड दुधात चेचून घाला, अर्धी वाटी लगेच चाखा आणि उरलेली अर्ध्या तासाने. पहिली गोड-आंबट लागेल, दुसरी जिभेच्या मागच्या भागावर स्पष्ट कडू. किवीतलं ॲक्टिनिडिन, अननसातलं ब्रोमेलेन आणि पपईतलं पपेन ही प्रथिनं तोडणारी एन्झाइमं आहेत. दुधातल्या केसीन या प्रथिनाचे ती तुकडे करतात, आणि त्यातले काही छोटे तुकडे चवीला कडू असतात. याच कारणाने ताजा अननस घातलेली जिलेटिनची जेली कधी घट्ट होत नाही, डबाबंद अननसाची होते. डब्यात भरताना फळ तापवलेलं असतं आणि उष्णतेने एन्झाइम निकामी होतं. तेव्हा अननसाच्या फोडी पातेल्यात चांगल्या वाफवून, थंड करून मग दह्यात घाला, नाहीतर वाटी हातात घेतल्यावरच घाला.

आंबट फळाने दूध फाटतं, त्यामागे दुसरं कारण आहे. दुधाचा सामू, म्हणजे आंबटपणा मोजणारा pH, साधारण 6.6 असतो, तो 4.6च्या आसपास उतरला की केसीन गोळा होतं. असं दूध दिसायला वाईट, पण ताज्या फळामुळे फाटलं असेल तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही, कारण जठरातलं आम्ल याहून कितीतरी तीव्र असतं आणि दूध तिथे फाटतंच. दह्यात हा प्रश्न येत नाही, ते आधीच जमलेलं असतं. स्ट्रॉबेरीवर साखर भुरभुरवायची असेल तर तिची वेळ ठरवून घ्या. साखर परासरणाने पेशीतलं पाणी बाहेर ओढते. अर्धा तास आधी घातली तर वाटीच्या तळाशी सुंदर लाल पाक जमतो आणि फळ लोळागोळा होतं. कुरकुरीत हवं असेल तर साखर शेवटी, किंवा नकोच.

ओट्सबरोबर संत्रं किंवा किवी खाण्याचा एक फायदा चवीपलीकडचा आहे. धान्यातलं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही. त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व मिळालं तर शोषण वाढतं. चहा-कॉफी त्याच वेळी घेतली तर उलट होतं. नाश्ता आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवलं तरी पुष्कळ.

खरबूज-कलिंगडाच्या बाबतीत सालीची भिंत महत्त्वाची. ती खायची नसते म्हणून आपण धूत नाही, पण तिच्यावरचे जंतू सुरीबरोबर थेट गरात जातात, आणि हा गर आंबट नसल्याने तिथे ते चांगले वाढतात. म्हणून आधी धुवा, मग कापा, आणि कापलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. लहान मुलांसाठी द्राक्षं उभी चिरून द्यावीत. अख्खं द्राक्ष मुलाच्या श्वासनलिकेत नेमकं बसतं.

आता केळ्याकडे परत येते. हिरव्या केळ्याच्या गरात साधारण 20 टक्के स्टार्च असतो. पिकून ठिपके पडेपर्यंत तो एक-दोन टक्क्यांवर येतो आणि बाकीच्याची साखर झालेली असते. फ्रिजमध्ये ठेवलं तर साल काळी पडते, कारण साधारण 13 अंशांखालची थंडी सालीतल्या पेशींना सोसत नाही. आतलं केळं मात्र बरंच चांगलं असतं. अशी ठिपकेवाली, जास्त पिकलेली केळी मी सोलून, चकत्या करून फ्रीझरमध्ये ठेवते. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं आणि बर्फाचे स्फटिक पेशींच्या भिंती फाडतात. वितळलेलं केळं म्हणूनच लिबलिबीत होतं. गोठलेलंच मिक्सरमध्ये फिरवलं की आधी ओल्या वाळूसारखा रवा दिसतो आणि वाटतं, बिघडलं. थांबून कडा खरवडायच्या, पुन्हा फिरवायचं. दोन-तीन वेळा असं केलं की एका क्षणी तो रवा एकदम जुळून येतो आणि मऊ, दाट आइस्क्रीम तयार होतं. भरपूर साखरेमुळे केळ्यातलं सगळं पाणी गोठलेलं नसतं, आणि फाटलेल्या भिंतींमधलं पेक्टिन त्या बारीक स्फटिकांना धरून ठेवतं. त्यात साखर, दूध, साय काही घालावं लागत नाही. वाटीत काढून लगेच खायचं. पुन्हा फ्रीझरमध्ये गेलं तर ते बारीक स्फटिक एकमेकांना चिकटतात आणि चमचा रुतत नाही.