एकाने व्याज उतरवले, दुसऱ्याने चढवले

अमेरिकेची लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक बुडून पाच आठवडे झाले होते. सोमवारी, २० ऑक्टोबर २००८ रोजी, रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते तो व्याजदर, ९ वरून ८ टक्क्यांवर आणला. दोनच दिवसांनी हंगेरीच्या मध्यवर्ती बँकेने आपला दर ८.५ वरून एका फटक्यात ११.५ टक्क्यांवर नेला. दोन्ही देशांतून परकीय पैसा बाहेर चालला होता, रुपया आणि हंगेरीचा फोरिंट दोन्ही घसरत होते. दुखणे एकच, औषध मात्र अगदी उलट. आणि त्या वेळच्या परिस्थितीत दोघांचेही फारसे चुकले नव्हते.

हंगेरीत घर घेणाऱ्यांनी आधीची काही वर्षे स्विस फ्रँकमध्ये कर्जे काढली होती. फोरिंटमधल्या कर्जापेक्षा फ्रँकचे व्याज बरेच कमी, म्हणून हप्ता हलका. पण पगार मिळायचा फोरिंटमध्ये. २००८ च्या उन्हाळ्यात एक फ्रँक दीडशे फोरिंटच्या आत मिळत होता; मार्च २००९ मध्ये तो दोनशेच्या वर गेला. बँकेने व्याजात काहीही बदल केला नाही, तरी महिन्याचा हप्ता तिसऱ्या हिश्शाहून अधिक फुगला. अशा देशात मध्यवर्ती बँकेने दर उतरवला, तर चलन आणखी पडते आणि लाखो कर्जदार बुडतात. म्हणून मंदी दारात असतानाही दर चढवायचा. पुढे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, युरोपीय संघ आणि जागतिक बँकेने मिळून सुमारे २५ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली, तेव्हा कुठे तिथे थोडा श्वास घेता आला.

भारतात गृहकर्ज रुपयातच मिळते. सरकारचे बहुतेक कर्जही रुपयातले, देशातल्याच बँकांनी आणि विमा कंपन्यांनी दिलेले. रुपया पडल्याने आयात महागली, ज्या कंपन्यांनी परदेशात कर्ज उचलले होते त्या अडचणीत आल्या, पण सामान्य कर्जदाराचा हप्ता डॉलरला बांधलेला नव्हता. दर उतरवण्याची मोकळीक मिळाली ती यामुळे.

तरीही ऑक्टोबर २००८ मध्ये मुंबईच्या पैशाच्या बाजारात घबराट होती, आणि तिचे कारण समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेतली बुडीत गृहकर्जे आपल्या बँकांकडे जवळपास नव्हतीच. मग टंचाई आली कुठून? तीन वाटांनी. परदेशी गुंतवणूकदार शेअर विकून डॉलर मागू लागले; रिझर्व्ह बँकेने ते दिले, पण डॉलर विकला की त्याच्या बदल्यात आलेले रुपये व्यवस्थेतून बाहेर पडतात. ४८ रुपये भावाने एक अब्ज डॉलर विकले, तर बँकांकडचे ४,८०० कोटी रुपये आटतात. दुसरी वाट कंपन्यांची. परदेशातले कर्ज बंद झाल्यावर त्यांनी लिक्विड म्युच्युअल फंडांत, म्हणजे थोड्या दिवसांसाठी पैसे ठेवण्याच्या फंडांत, ठेवलेले पैसे एकदम काढायला सुरुवात केली, आणि फंड रोकडीसाठी बँकांच्या दारात आले. तिसरी वाट सणांची: नवरात्र ते दिवाळी लोक हातात जास्त नोटा ठेवतात. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी, १० ऑक्टोबरला, बँका एकमेकींना एका रात्रीसाठी जे पैसे उसने देतात त्याचा दर, म्हणजे कॉल मनीचा दर, २० टक्क्यांच्या आसपास गेला.

अशा वेळी रेपो दर कमी करणे हे पहिले काम नसते. आधी रोकड सोडावी लागते. त्याच दिवशी रिझर्व्ह बँकेने रोख राखीव प्रमाणातली, म्हणजे बँकांनी ठेवींचा जो हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे ठेवायचा असतो त्यातली, आधी जाहीर केलेली अर्ध्या टक्क्याची कपात वाढवून दीड टक्का केली आणि सुमारे ६०,००० कोटी रुपये मोकळे झाले. फंडांना पैसे पुरवता यावेत म्हणून बँकांना १४ दिवसांसाठी २०,००० कोटींची खास सोय दिली. आणखी एक साधन होते, ज्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तेजीच्या वर्षांत येणारे डॉलर विकत घेताना जे रुपये बाजारात आले होते, ते रिझर्व्ह बँकेने बाजार स्थिरीकरण योजनेतले रोखे विकून शोषून ठेवले होते. तेच रोखे आता परत घेऊन पैसा बाहेर सोडता आला. ही खरी बेगमी. एप्रिल २००९ पर्यंत रोख राखीव प्रमाण ९ वरून ५ टक्क्यांवर, रेपो दर ४.७५ टक्क्यांवर आला. सगळ्या उपायांनी मिळून उपलब्ध होऊ शकणारी रोकड ५.६ लाख कोटी रुपयांवर, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ९ टक्के, गेली.

आणि डॉलरची गंगाजळी? मार्च २००८ मध्ये ती सुमारे ३१० अब्ज डॉलर होती, वर्षभरात २५२ अब्ज झाली. हा आकडा बघून धडकी भरते, पण ५८ अब्जांच्या घटीतले साधारण २० अब्जच प्रत्यक्ष खर्ची पडले. बाकीची घट कागदावरची: साठ्यातले युरो आणि पौंड डॉलरपुढे घसरल्याने त्यांची डॉलरमधली किंमत कमी झाली. जुलै १९९१ मध्ये ४७ टन सोने मुंबईहून विमानाने पाठवून परदेशी बँकांकडे गहाण ठेवावे लागले होते, त्या देशाला २००८ मध्ये नाणेनिधीकडे जावे लागले नाही.

साठा मोठा असला की निभावते, असेही नाही. दक्षिण कोरियाकडे २०० अब्ज डॉलरहून अधिक होते, तरी तिथल्या बँकांनी अल्पमुदतीचे डॉलर इतके उचलले होते की कोरियाचा वॉन कोसळत राहिला. २९ ऑक्टोबरला अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने कोरिया, ब्राझील, मेक्सिको आणि सिंगापूर यांना प्रत्येकी ३० अब्ज डॉलरची चलन अदलाबदलीची, म्हणजे आपले चलन ठेवून डॉलर घेण्याची, सोय दिली. भारत त्या यादीत नव्हता. चिलीचे उदाहरण सर्वांत शिस्तीचे. तांब्याचा भाव चढा असताना सरकारने जास्तीचे उत्पन्न परदेशात गुंतवून ठेवले होते. २००९ मध्ये तेच काढून ४ अब्ज डॉलरचा खर्च केला.

आपण खर्च केला तो कर्ज काढून. डिसेंबर २००८ ते फेब्रुवारी २००९ या काळात तीन पॅकेजे आली. उत्पादन शुल्क दोन टप्प्यांत सहा टक्क्यांनी उतरले, सेवा कर १२ वरून १० टक्के झाला. २००८-०९ साठी सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्के ठरलेली सरकारची वित्तीय तूट ६ टक्क्यांवर पोहोचली. तेव्हा ते योग्यच होते. चूक पुढे झाली: सवलती वेळेत मागे घेतल्या नाहीत. महागाई चढली, मार्च २०१० ते ऑक्टोबर २०११ या काळात रेपो दर १३ वेळा वाढवावा लागला, आणि २०१२-१३ मध्ये चालू खात्यातली तूट (परदेशाशी रोजच्या देवघेवीत मिळकतीपेक्षा जास्त गेलेले डॉलर) उत्पादनाच्या ४.८ टक्क्यांवर गेली. म्हणजे रोजचा खर्च भागवायलाच परकीय डॉलर हवे होते.

त्यामुळे मे २०१३ मध्ये फेडरल रिझर्व्हचे तेव्हाचे प्रमुख बेन बर्नान्के यांनी बाजारात पैसा सोडणारी रोखेखरेदी आवरती घेण्याचे नुसते सूतोवाच केले, तेव्हा भारताला हंगेरीचे औषध घ्यावे लागले. १५ जुलैला बँकांना तातडीने मिळणाऱ्या कर्जाचा दर दोन टक्क्यांनी वाढवून १०.२५ टक्के केला. तरी २८ ऑगस्टला डॉलर ६८ रुपयांवर गेला. सप्टेंबरपासून अनिवासी भारतीयांच्या किमान तीन वर्षांच्या डॉलर ठेवी रिझर्व्ह बँक वर्षाला ३.५ टक्के खर्चात रुपयांत बदलून देऊ लागली. मुदतीअखेर ठरल्या भावाने डॉलर परत मिळण्याच्या या हमीला बाजारात बराच जास्त खर्च येई. वरचा भार रिझर्व्ह बँकेने उचलला. परदेशी बँकांनी अनिवासींना ठेवीसाठी कर्जही देऊ केले. ३० नोव्हेंबरपर्यंत या मार्गाने सुमारे २६ अब्ज डॉलर आले, आणि २०१६ च्या शेवटच्या महिन्यांत ते मुदत संपल्यावर व्याजासह परत गेले.