ऐतिहासिक कालनिर्णय

इतिहासाच्या अभ्यासात राजकीय, आर्थिक, सामाजिक इतिहास अशा विषयवार शाखांबरोबर पुराभिलेखविद्या, नाणकशास्त्र, लिपिशास्त्र ही साहाय्यक शास्त्रेही येतात. कालनिर्णय हे त्यांपैकीच एक. कागदातील मिती कोणत्या गणनेची आहे हे ओळखून ती प्रचलित गणनेत आणणे आणि तिच्या आधारे कागदाचा अस्सलपणा पडताळणे, हे त्याचे कार्य होय. मराठ्यांच्या कागदपत्रांत शालिवाहन शक, राज्याभिषेक शक, हिजरी, फसली व शुहूर अशा अनेक गणना आढळत असल्याने या इतिहासाच्या अभ्यासकाला त्याच्याशिवाय पाऊल टाकता येत नाही.

यांत शुहूर सन सर्वांत गुंतागुंतीचा आहे. त्याचे वर्ष सौर असून ते मृग नक्षत्रापासून सुरू होते. वर्षाचे आकडे अरबी शब्दांत लिहिले जातात. उदाहरणार्थ, ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे 1161. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत 599 व पुढे 600 मिळविले असता इसवी सन मिळतो. त्यानुसार पानिपतची लढाई (14 जानेवारी 1761) याच वर्षात पडते. पत्रात मात्र या सौर सनाबरोबर ‘छ’ या अक्षरापुढे हिजरी महिन्यातील चंद्र, म्हणजे त्या महिन्याची तारीख, दिलेला असतो, आणि हा दिवस सूर्यास्तापासून मोजला जात असल्याने एका दिवसाचा फरक संभवतो. हिजरी वर्ष चांद्र, म्हणून सौर वर्षाहून लहान असल्याने दोन्ही सनांत अंतर पडत जाते; मागे मोजत गेल्यास शुहूर व हिजरी सन 745 मध्ये, म्हणजे इ. स. 1344 च्या सुमारास, एकत्र येतात. त्यावरून या सनाचा प्रारंभ मुहंमद तुघलकाच्या काळात झाला असावा, असे सामान्यतः मानले जाते. हे अनुमान प्रामुख्याने गणितावर आधारलेले असले, तरी ग्राह्य वाटते.

शिवजन्माच्या वादात या शास्त्राची कसोटी लागली. उत्तरकालीन बखरींतून रूढ झालेली वैशाख शके 1549 (इ. स. 1627) ही मिती दीर्घकाळ प्रमाण मानली जात होती. लोकमान्य टिळकांनी 1916 मध्ये जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडील घटनांची मितीवार नोंद, प्रसिद्ध केली. तीत फाल्गुन वद्य 3, शके 1551, शुक्रवार असा उल्लेख आहे. शिवाजी महाराजांचा समकालीन कवी परमानंद याच्या ‘शिवभारता’तील मितीही तीच असून गणिताने वारही जुळतो. त्यामुळे 19 फेब्रुवारी 1630 हा पक्ष अधिक बळकट आहे. ही तारीख ज्यूलियन, म्हणजे युरोपातील जुन्या, गणनेची असून ग्रेगरियन, म्हणजे आज प्रचलित असलेल्या नव्या, गणनेने 1 मार्च येते. पोर्तुगालने नवी गणना 1582 मध्येच स्वीकारली, तर इंग्रजांनी 1752 मध्ये. म्हणून सतराव्या शतकातील गोव्याची पोर्तुगीज पत्रे व सुरतेची इंग्रज पत्रे ताडून पाहताना दहा दिवसांचे अंतर धरावे लागते. शिवाय इंग्रजांचे वर्ष त्या काळी 25 मार्चला बदलत असे.

रूपांतरासाठी रॉबर्ट स्यूएल व शंकर बाळकृष्ण दीक्षित यांची कोष्टके (1896) आणि स्वामिकन्नू पिळ्ळे यांची पंचांगे वापरली जातात. पेशवेकालीन अनेक पत्रांत केवळ चंद्र व महिना असून सन नसतो. तेथे कोष्टके पुरी पडत नाहीत आणि मजकुरातील छावणी, स्वारी किंवा नेमणुकीच्या उल्लेखांवरून वर्ष ठरवावे लागते.