काळा दिसतोय तो लाल

पुण्याच्या जुन्या बाजारात एका गंजक्या पत्र्याच्या डब्यात हा फोटो सापडला. दुपंखी विमान, त्याच्यापुढे ओळीने सहा जण, खाकी हाफपँट, डोक्यावर सोला हॅट. मागे पेन्सिलीने 'ड्रिग रोड' एवढंच. पन्नास सांगितले, चाळीसला दिला.

'हे कोण?' म्हटलं की आपण आधी चेहऱ्यांकडे बघतो आणि तिथेच फसतो. 1999 मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या एका प्रयोगात अनोळखी माणसाचा चांगला स्पष्ट फोटो देऊन तो दहा जणांतून ओळखायला सांगितलं, तरी लोक सुमारे 30 टक्के वेळा चुकले. आपल्या हातात तर बोराएवढे, उन्हात डोळे बारीक केलेले चेहरे. म्हणून आधी विमान बघायचं.

पंखावर वर्तुळं आहेत. ब्रिटिश हवाई दलाच्या या चिन्हात मधला ठिपका लाल, मग पांढरं कडं, बाहेर निळं. फोटोत ठिपका काळाकुट्ट आणि बाहेरचं कडं फिकट राखाडी दिसतंय. म्हणजे फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक आहे. तिच्यावरच्या रसायनाला निळा प्रकाश झटकन कळतो, हिरवाही कळतो, लाल मात्र कळतच नाही. त्यामुळे लाल वस्तू काळी उमटते आणि निळं आकाश पांढरं होतं. (जुन्या फोटोंत ढग का नसतात, त्याचं हे एक कारण.) रंगांचा क्रम आपल्याला ठाऊक असल्याने वर्तुळ ही या फोटोची आयती किल्ली झाली: काळं दिसेल ते लाल, फिकट दिसेल ते निळं.

आता शेपटीकडे. सुकाणूवर तीन उभे पट्टे आहेत, त्यांतला पुढचा काळा. किल्ली नसती तर मी त्याला बेधडक निळा म्हटलं असतं आणि फोटोच्या काळात काही वर्षांची चूक केली असती. कारण 1930 पर्यंत निळा पट्टा पुढे असे. त्या वर्षी क्रम उलटून लाल पुढे आला आणि 1934 मध्ये पट्टेच काढून टाकले. विमानाच्या नंबरातलं 'के' अक्षरही जुळतं, ही मालिका 1929 ला सुरू झाली. त्यापुढचे आकडे एका धिप्पाड गड्याच्या पाठीमागे गेलेत! तरी फोटो चारेक वर्षांच्या पट्ट्यात आला.

ड्रिग रोड म्हणजे कराचीचा हवाई तळ. 1936 पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे फोटो तसा फार लांबचा नाही. 1 एप्रिल 1933 ला याच तळावर भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली: वापिटी जातीची चार विमानं, इंग्लंडमधल्या क्रॅनवेलच्या हवाई दल महाविद्यालयात शिकून आलेले पाच वैमानिक आणि 'हवाई सिपाई' म्हणून भरती झालेले 19 जण. मग हे सहा त्यांतले? वर्णावरून ठरवायचा मोह होतो, पण तोही सोडावा लागतो. उन्हाने लालबुंद झालेला गोरा माणूस या फिल्मवर चांगला सावळा दिसतो.

त्यापेक्षा छाती बघावी. वैमानिकाचे पंख, म्हणजे त्याचा बिल्ला, त्याच्या डाव्या खिशावर असतात. ते त्याच्या उजव्या खिशावर दिसले तर निगेटिव्ह उलटी छापलीय असं समजायचं. इथे दोघांना पंख आहेत. एकाला पदकाची रिबनही आहे, तिळाएवढी. मोठ्या रिझोल्यूशनने स्कॅन केल्यावर तिच्या कडा गडद आणि मधला पट्टा फिकट निघाला. या फिल्मवर हिरवा निळ्यापेक्षा गडद उमटतो, म्हणून हिरव्या कडा, मधे निळा: 1908 चं इंडिया जनरल सर्व्हिस मेडल. वझिरीस्तानसारख्या सरहद्दीवरच्या मोहिमांसाठी ते देत. नेमकी कोणती मोहीम ते पदकाच्या पट्टीवर असतं, रिबनवर नाही. पण 1933 च्या त्या पाच नवख्यांकडे अशा जुन्या मोहिमेची रिबन कुठून येणार? हा ब्रिटिश दलातला मुरलेला गडी असावा.

इथून पुढे कागद. अधिकाऱ्यांची छापील यादी नियमित निघत असे, स्क्वाड्रनच्या रोजनिशा लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये आहेत. त्यांतून दहा-बारा नावं उरली की मगच चेहरे काढायचे, आणि चेहऱ्यातही आधी कान. नाक-डोळे हसण्याने, सावलीने बदलतात. कानाच्या पाळीचा आणि वळ्यांचा आकार मोठेपणी फारसा बदलत नाही.

रिबनवाल्या आमच्या गड्याने हॅट नेमकी कानांवर ओढलीय.