सायकलवाटेचा वाफसा

पेरणीपूर्वी शेतकरी मूठभर माती घेऊन तिचा लाडू वळतो आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडतो. लाडू तसाच राहिला तर जमीन अजून ओली आहे, वळलाच गेला नाही तर ती सुकली आहे, आणि पडताच फुटून मोकळा झाला तर वाफसा आला आहे. डोंगरातल्या वाटांवर माउंटन बाइक चालवणाऱ्याला जी जमीन हवी असते, ती नेमकी हीच. वाफशावर आलेल्या मातीत मोठ्या पोकळ्यांतले पाणी निथळून तिथे हवा शिरलेली असते आणि लहान पोकळ्यांत उरलेले पाणी पृष्ठताणामुळे कणांना एकमेकांकडे ओढून धरते. टायरच्या गाठी अशा मातीत किंचित रुततात, पण माती जागची हलत नाही. समुद्रकिनारी ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो आणि सुकल्यावर ढासळतो, त्यामागे हीच ओढ असते. पाणी वाढून सगळ्या पोकळ्या भरल्या की ती नाहीशी होते. उलट भाराचा काही वाटा पाणीच पेलू लागते, कणांमधले घर्षण घटते आणि चाक घसरते.

पाऊस थांबल्यावर वाफसा किती वेळाने येईल, हे प्रथम मातीवर ठरते, आणि सह्याद्रीत काही किलोमीटरच्या अंतरात माती पूर्ण बदलते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला बेसाल्ट झिजून सपाटीवर आणि खोलगट भागांत काळी माती साचली. तिच्यातले चिकण कण ०.००२ मिलिमीटरहूनही बारीक असतात आणि त्यांत माँटमोरिलोनाइट या गटातल्या खनिजांचे प्रमाण मोठे असते. या खनिजांची रचना पातळ पापुद्र्यांच्या चळतीसारखी असून पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते, म्हणून ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. फुगल्यावर तिच्यातून पाणी उतरायला जागाच उरत नाही. अशा वाटेवर सायकल घातली तर थरावर थर चढत चाक फ्रेममध्ये अडकेपर्यंत जाड होते, आणि वाफशासाठी एका उन्हावर भागत नाही, काही कोरडे दिवस लागतात. त्याच टेकडीवर थोडे वर, जिथे अर्धवट झिजलेल्या खडकाचा मुरूम आहे, तिथे पाणी तासाभरात निथळलेले असते.

जांभ्याची गोष्ट निराळी आहे. कोकण-गोव्याच्या सड्यांवर आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवर आढळणाऱ्या या खडकात लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे भरपूर असतात, त्यापासून बनलेली तांबडी माती काळ्या मातीसारखी फुगत नाही, आणि सच्छिद्र खडकातून पाणी लवकर झिरपते. मात्र पावसाळ्यात उघड्या कातळावर शेवाळ चढते, आणि तिथे मातीचा कोणताही हिशेब उपयोगी पडत नाही.

माती चांगली असूनही वाट बिघडते ती उतारामुळे, आणि माझ्या मते याकडे आपल्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. सोंडेवरून थेट खाली उतरणारी वाट म्हणजे पाण्याला दिलेला तयार पाट असतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर तो ढकलू शकेल अशा सर्वांत मोठ्या दगडाचे वजन सैद्धांतिक हिशेबाने ६४ पट होते. म्हणून उभ्या वाटेवरून आधी माती जाते, मग मुरूम, आणि शेवटी गोटे आणि घसारा उरतो. १९८८ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग असोसिएशनने रूढ केलेला ठोकताळा असा, की डोंगराच्या अंगावरून आडव्या जाणाऱ्या वाटेचा चढ त्या अंगाच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा आणि सरासरी चढ दहा टक्क्यांच्या आत राहावा. असे केले, वाट दरीच्या बाजूला किंचित कलती ठेवली आणि अधूनमधून लहानसा उलट चढ दिला, की पाणी वाट धरून धावत नाही, ती ओलांडून खाली उतरते.

हवामानाचा विचार करताना परदेशी पुस्तकांतला एक सल्ला तपासून घ्यावा लागतो. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडचे उतार लवकर वाळतात, असे त्यांत लिहिलेले असते. हिवाळ्यात ते पुण्यालाही लागू पडते. पण साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्याचा मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि जून-जुलैत तो ढगांआडच राहतो. त्या काळात वाट वाळवण्याचे काम बरेचसे वाऱ्याचे असते, म्हणून उघडी धार झाडीतल्या वाटेआधी वाफशावर येते. पावसाच्या प्रमाणातला फरक तर याहून मोठा आहे: महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर पूर्वेला जेमतेम वीस किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याचा सुमारे एक तृतीयांश. खडक दोन्हीकडे जांभाच, तरी एका ठिकाणच्या वाटेवरून दुसरीकडचा अंदाज बांधता येत नाही.

सायकलीमुळे वाटा फार खराब होतात, हा आक्षेप सरसकट खरा नाही. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातील वाटांवर झालेल्या आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चाकांपेक्षा घोड्यांच्या टापा आणि माणसांची पावले अधिक माती सुटी करतात, असे आढळले होते. परंतु पाऊल एक सुटा खड्डा पाडते आणि चाक सलग चर पाडते. ओल्या, चिकण वाटेवरून सप्टेंबरात गेलेल्या सायकलीखाली माती दबते, पोकळ्या मिटतात, आणि पुढच्या सरीचे पाणी जिरण्याऐवजी त्या चरातून वाहू लागते. पुढे ऑक्टोबरच्या उन्हात काळ्या मातीतला तो चर विटेसारखा कडक होतो, त्याच्या कडा पुढचे चाक पकडून वळवतात, आणि वर्दळीने किंवा उन्हाळी भेगांनी तो मोडला नाही तर पुढच्या जूनपर्यंत तसाच राहतो.