मूर्ती गेली, अभंग राहिले: स्तुतिगायनाच्या वादाची पार्श्वभूमी

ज्याला सगळे ठाऊक आहे त्याला त्याचेच गुण गाऊन का सांगायचे, ही शंका काही नास्तिकांनी बाहेरून आणलेली नाही. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलातच प्रश्न येतो: इंद्र नाहीच म्हणतात, त्याला पाहिले कोणी, मग स्तवावे कोणाला? त्याच मंडलात दुसरीकडे रोखठोक देवघेव आहे: इंद्रा, मी तुझ्यासारखा धनाचा मालक असतो तर माझी स्तुती करणाऱ्याला गाई मिळाल्या असत्या. शिवाची स्तुती करणाऱ्या महिम्नस्तोत्राचा कवी वेगळे कारण देतो. तुझा महिमा कोणालाच पुरता कळत नाही, तरी गातो. माझी वाणी शुद्ध व्हावी म्हणून. पुढची बहुतेक समर्थने याच दुसऱ्या कारणावर उभी आहेत.

या समर्थनाची खरी कसोटी लागली ती एकोणिसाव्या शतकात, आपल्याकडे. मुंबईतल्या सुधारकांनी 1867 मध्ये प्रार्थना समाज काढून एकेश्वरी उपासना सुरू केली, तेव्हा मूर्ती नाकारली, कर्मकांड नाकारले. पण तुकोबांचे अभंग ठेवले. हा निर्णय वाटतो तितका साधा नव्हता. अभंगातला देव विटेवर उभा, कटेवर हात. समोर मात्र मूर्तीच नाही. देव निराकार मानायचा आणि त्याच्या साजिऱ्या रूपाचे वर्णन टाळ्यांच्या ठेक्यावर गायचे, यातली विसंगती त्या विद्वान मंडळींना दिसली नसेल असे मला वाटत नाही. तरी अभंग राहिले, कारण नुसत्या प्रवचनाने माणसे एका सुरात येत नाहीत. माझ्या मते गरज देवाची नव्हती, जमलेल्यांची होती, आणि हे तेव्हाच उघड मान्य करायला हवे होते.

1875 मध्ये मुंबईतच वेदांचा आधार घेणारी दुसरी चळवळ, आर्य समाज, उभी राहिली. तिचे संस्थापक दयानंद सरस्वती यांनी हिंदीत स्पष्ट लिहिले की, जो आपले चारित्र्य सुधारत नाही आणि भांडासारखे, म्हणजे पोटासाठी नकला करणाऱ्या बहुरूप्यासारखे, परमेश्वराचे गुण गात राहतो, त्याची स्तुती व्यर्थ आहे. पुण्यात 1873 पासून चाललेल्या जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने तर मुळालाच हात घातला. 1891 मध्ये, जोतीरावांच्या निधनानंतर निघालेल्या त्यांच्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ या पुस्तकात देवाला फुले वाहणे, नैवेद्य, नामस्मरण यांची प्रश्नोत्तरांतून एकेक करून झडती आहे. मात्र याच जोतीरावांनी अभंगाच्या वळणाची ‘अखंड’ नावाची पद्येही रचली आणि त्यांत निर्मिकाची, म्हणजे सृष्टिकर्त्याची, थोरवी गायली. टीकाकार याला अंतर्विरोध म्हणतात. मला ते तसे वाटत नाही. ते अखंड निर्मिकाकडे काही मागत नाहीत. माणसांनी एकमेकांशी कसे वागावे हे सांगतात.

1956 मध्ये नागपूरच्या धर्मांतराने ईश्वरच बाजूला ठेवला. वंदना राहिली, ती आजही एका सुरात म्हटली जाते, आणि तीत बुद्धाचे गुणच सांगितलेले असतात. गाणे टिकायला वर ऐकणारा कोणी असावाच लागतो असे नाही, हे इथे स्वच्छ दिसते.

अलीकडचा वाद सुरांपेक्षा आवाजाचा आहे. चेन्नईतल्या एका प्रार्थनास्थळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये म्हटले की, दुसऱ्यांची शांतता मोडून, ध्वनिवर्धक लावून किंवा ढोल बडवून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही. त्याच वर्षीच्या नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिवर्धकाला बंदी घातली, आणि सणासुदीला रात्री 12 पर्यंत सवलत देण्याची वाट राज्यांसाठी 2002 मध्ये मोकळी झाली.